मराठवाड्याचा फिरंगी फौजदार : मेडोज टेलर

मराठवाड्यातील माणसाला इंग्रज अधिकाऱ्यांची नावे सहसा ठाऊक नसतात आणि त्याला कारणही तसेच आहे. पुण्यावर १८१७ मध्येच इंग्रजांचे निशाण चढले. मराठवाड्यावर मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल राहिला. इंग्रज इथे आला तो उघड राज्यकर्ता म्हणून नव्हे, तर निजामाच्या पदरी राहून निजामालाच धाकात ठेवणारा फौजी म्हणून. आजच्या जालना जिल्ह्यात असलेल्या असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढच्या काळात जालना, औरंगाबाद, हिंगोली या गावांलगत छावण्या वसल्या. त्या छावण्यांमधील फौजेचा खर्च निजामाच्या खजिन्यातून होई, अधिकारी इंग्रज असत आणि हुकूम मात्र हैदराबादच्या रेसिडेंटचा चाले.

या विचित्र व्यवस्थेतून अनेक इंग्रज आले आणि गेले. त्यांच्यातील बहुतेकांची आठवण आज छावणीच्या दफनभूमीतील दगडांपुरतीच उरली आहे. एक नाव मात्र टिकले. ठगांवरील कादंबरीमुळे जगभर पोहोचलेल्या फिलिप मेडोज टेलरचे. मराठी वाचक त्याला ओळखतो तो लेखक म्हणून. परंतु लेखक होण्याआधी तो निजामाच्या मुलखातील पोलिसांचा सहायक अधीक्षक होता. नंतर एका संस्थानाचा कारभारी झाला, नळदुर्ग आणि बुलढाणा येथे डेप्युटी कमिशनर झाला. सबंध उमेदीच्या काळात त्याने बंदोबस्ताचे काम केले, आणि तेही बहुधा फौज हाताशी नसताना. हे त्याला कसे साधले आणि त्याची किंमत अखेर कोणी मोजली, हा त्याच्या चरित्रातील खरा प्रश्न आहे.

पंधराव्या वर्षी मुंबईच्या वाटेवर

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते, परंतु धंद्यात बसलेल्या ठोकरीमुळे घरची स्थिती खालावली. मुलाचे शिक्षण अर्धवट राहिले आणि कोवळ्या वयातच तो एका पेढीवर कारकुनी करू लागला. पुढे मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याकडे नोकरी मिळते आहे, कालांतराने भागीदारीही मिळेल, अशी आशा दाखवण्यात आली. पंधरा वर्षांचा हा मुलगा जहाजात बसला आणि १८२४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईला उतरला. येऊन पाहतो तो पेढी डबघाईला आलेली. भागीदारीचे स्वप्न तिथेच विरले.

सुदैवाने मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे त्याच्या आईच्या नात्यातले होते. त्यांच्या शब्दावर त्याला निजामाच्या फौजेत अधिकारपद मिळाले. सोळावे वर्ष नुकतेच लागलेले असताना टेलर घाट चढून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात दाखल झाला. आजचा जालना जिल्हा त्या काळी औरंगाबादच्या मुलखाचाच भाग होता. तो स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. गोदावरीच्या खोऱ्यातील हा प्रदेशच टेलरची पहिली शाळा ठरला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टेलर कंपनी सरकारचा सनदी नोकर नव्हता. विलायतेत प्रशिक्षण घेऊन आलेल्या सनदी अधिकाऱ्यांचा पगार, मान आणि बढतीची वाट वेगळी होती. टेलर हा स्थानिक नेमणुकीचा माणूस. त्याच्यापाशी ना घराण्याचे पाठबळ होते, ना विद्यापीठाची पदवी. जवळ होती ती फक्त शिकण्याची हौस. तो आधी हिंदुस्तानी शिकला, नंतर मराठी आणि फारसीकडे वळला. छावणीतील अन्य तरुण अधिकारी शिकार आणि पत्ते यांत दिवस घालवीत असताना हा मुलगा मुनशीपुढे बसत असे. त्या मुनशीगिरीनेच त्याचे पुढील आयुष्य ठरवले.

विशीच्या आतला पोलीस अधिकारी

वयाची विशीही उलटली नसताना टेलरची नेमणूक निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसांचा सहायक अधीक्षक म्हणून झाली. तुळजापूर, नळदुर्ग आणि त्याभोवतीचा प्रदेश त्याच्या अखत्यारीत आला. पलीकडे सोलापूरचा मुलूख कंपनी सरकारचा, अलीकडे निजामाचा. सरहद्दीवरच्या प्रदेशाची जी दुखणी असतात ती सारी इथे होती. इकडे दरोडा घालायचा आणि तिकडे पळून जायचे, हा शिरस्ताच पडला होता. टोळ्यांना आश्रय देणारे अनेकदा मोठे जमीनदारच असत. लुटीतील वाटा त्यांच्या गढीत पोहोचत असे. त्यामुळे गावचा पाटील तक्रार करायला धजत नसे आणि फिर्यादी साक्ष द्यायला येत नसे.

टेलरने कचेरीत बसून कारभार केला नाही. तो तंबू घेऊन गावोगाव हिंडला. पाटील, कुलकर्णी, चौगुले, येसकर यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलू लागला. मधल्या माणसाची गरज उरली नाही, म्हणून मधल्या माणसाची लाचही उरली नाही. अशाच हिंडण्यातून त्याला कळलेल्या माहितीवर त्याने एका बड्या जमीनदाराच्या गढीत मोजक्या स्वारांनिशी शिरून त्याला पकडले. त्या माणसाचे नाव घ्यायलाही भोवतालची गावे घाबरत होती. तो पकडला गेल्यावर मात्र फिर्यादींची रीघ लागली.

तुळजापूरच्या बाजारातील एक प्रसंग त्याने आत्मचरित्रात मोठ्या खुमासदारपणे सांगितला आहे. भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना वाणी पिठात वाळू मिसळून विकत असत. टेलरच्या स्वतःच्या शिपायांनाही त्या पिठाने पोटदुखी जडली. त्याने पिठाची आणि वजनांची तपासणी करवली. दंड ठोठावला असता तर वाण्यांनी तो निमूटपणे भरला असता आणि पुढच्याच यात्रेत वसूल केला असता. टेलरने त्यांना कचेरीपुढे ओळीने बसवले आणि त्यांचेच पीठ त्यांना सर्वांदेखत खायला लावले. तोंडात वाळू करकरू लागताच त्यांनी हात जोडले. त्यानंतर भेसळ थांबली आणि गोरगरिबांच्या तोंडी या पोरगेल्या साहेबाचे नाव झाले. आजच्या कायद्याच्या कसोटीला ही शिक्षा उतरणार नाही. परंतु रयतेला न्याय झालेला डोळ्यांनी दिसावा लागतो, एवढे त्या तरुणाला उमगले होते.

ही नेमणूक फार काळ टिकली नाही. १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आला आणि आपल्या मुलकी कारभारातून इंग्रज देखरेख काढून घ्यावी अशी मागणी त्याने केली. ती मान्य झाली. टेलरला पोलिसांचे काम सोडून पलटणीत परतावे लागले. हा निर्णय निजामाच्या दृष्टीने रास्तच होता, परंतु टेलरच्या मनाला तो लागला. कारण त्याच सुमारास त्याच्या कानावर काही विलक्षण गोष्टी येऊ लागल्या होत्या.

हिंगोलीच्या छावणीतील थडगी

रस्त्याने निघालेली माणसे नाहीशी होत होती. कुठे ओढ्याकाठी प्रेते सापडत, गळ्यावर आवळल्याच्या खुणा असत, परंतु लुटारूंचा माग लागत नसे. टेलरला संशय आला होता, पण छडा लागण्यापूर्वीच त्याचे पद गेले. पुढे १८३० च्या दशकाच्या आरंभी जबलपूरकडे स्लीमनने माफीच्या साक्षीदारांच्या कबुलीजबाबांवरून ठगांचे जाळे उघडकीस आणले आणि तपासाचे धागे दक्षिणेपर्यंत आले. आपण पोलिसांच्या कामावर राहिलो असतो तर हा शोध आपल्या हातून लागला असता, ही हळहळ टेलरने आयुष्यभर बाळगली.

त्याहून मोठा धक्का हिंगोलीत बसला. तिथे हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरने आणि इतर अधिकाऱ्यांनी त्याच्याशी व्यवहार केले होते. हाच माणूस ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने सरकारी परवाना मिळवला. प्रत्यक्षात तो माल घेऊन येणाऱ्या दुसऱ्याच व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह वाटेत ठार केले, आणि तेच कापड परवान्याच्या आधारे छावणीत आणून उघडपणे विकले. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर-एक यार्डांवर खून पडत होते आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर प्रेते पुरली जात होती. माफीच्या साक्षीदारांनी कोरड्या ओढ्यातील एकेक जागा दाखवली आणि ती उकरली गेली, तेव्हा टेलर तिथे उभा होता. प्रत्येक खड्ड्यात एकाहून अधिक सांगाडे होते.

बंदोबस्तासाठी ठेवलेल्या फौजेच्या नाकाखाली हे घडले होते. तोफा, पलटणी, पहारे सारे होते. पण बाजारात कोण येतो, कोण जातो, कोण परतलाच नाही, हे छावणीला ठाऊक नव्हते. बंदुकीपेक्षा माहिती मोठी, आणि माहिती मिळते ती माणसांच्या विश्वासातून, हा धडा टेलर तिथे शिकला असावा. त्याचा पुढचा सारा कारभार या एका सूत्रावर चाललेला दिसतो.

या अनुभवातून लिहिलेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी तो रजेवर इंग्लंडात असताना १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि रातोरात गाजली. अमीर अली नावाचा ठग आपल्या कृत्यांची हकीकत सांगतो आहे आणि एक साहेब ऐकतो आहे, अशी तिची मांडणी. प्रस्तावनेत टेलरने १८३१ ते १८३७ या काळातील कारवाईचा तक्ता दिला. त्यानुसार ४१२ जणांना फाशी झाली आणि १,०५९ जणांना काळ्या पाण्यावर पाठवण्यात आले. आजचे इतिहासकार या प्रकरणाकडे अधिक सावधपणे पाहतात. ठगी हा एक सुसंघटित धर्मपंथ होता काय, की निरनिराळ्या वाटमाऱ्यांना इंग्रजांनी एकाच नावाखाली गोवले. माफीच्या आमिषाने दिलेल्या कबुल्या कितपत विश्वासार्ह मानाव्यात. हे प्रश्न विचारले गेले आहेत आणि ते योग्यच आहेत. हिंगोलीच्या ओढ्यातील सांगाडे मात्र कोणाच्या कल्पनेतून आलेले नव्हते.

बेरडांच्या राज्यात

रजेवरून परतल्यावर १८४१ मध्ये टेलरवर त्याच्या आयुष्यातील सर्वांत अवघड कामगिरी आली. आज कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात असलेले सुरपूर हे तेव्हा निजामाला खंडणी देणारे बेरड नायकांचे संस्थान होते. इंग्रज त्याला शोरापूर म्हणत. आपल्याकडील जुन्या पुस्तकांत जोरापूर असेही लिहिलेले आढळते. याच नायकांनी १७०५ मध्ये वाकिनखेड्याचा किल्ला औरंगजेबाविरुद्ध झुंजवला होता आणि धनाजी जाधवांच्या मराठी फौजा त्यांच्या मदतीला धावल्या होत्या. मरणाला न भिणारी आणि कोणाचा हुकूम सहजी न मानणारी ही माणसे. त्यात खंडणी थकलेली, दरबारात दोन तट पडलेले आणि गादीचा वारस वेंकटप्पा नायक हा लहान मूल.

अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहण्यासाठी टेलरला धाडण्यात आले. त्याचे वय तेहतीस. राजमाता राणी ईश्वरम्मा हिच्याशी त्याचे वारंवार खटके उडाले. परंतु फौज बोलावून दरबार धाकात ठेवण्याऐवजी त्याने तुळजापूरचीच रीत पुन्हा वापरली. प्रत्येकाचे म्हणणे स्वतः ऐकायचे, दिलेला शब्द पाळायचा, हिशेब उघडे ठेवायचे. बेरडांच्या प्रमुखांना त्याने बरोबरीने वागवले. रस्ते केले, शेतसाऱ्याची घडी बसवली, जवळचा बोनाळचा तलाव सुधारला. जे पक्षी अभयारण्य म्हणून पुढे प्रसिद्धीस आले, तेच हे बोनाळ.

सुरपूरचे लोक त्याला महादेव बाबा म्हणू लागले. मेडोज या नावाचा तो लोकांच्या जिभेवर झालेला अवतार होता. टेकडीवर त्याने बांधलेला बंगला ‘टेलर मंझिल’ या नावाने ओळखला जातो. त्या बंगल्यात कचेरी चाले, चित्रे काढली जात आणि रात्री दिव्याच्या उजेडात लंडनच्या ‘टाइम्स’साठी वार्तापत्रे लिहिली जात. १८४० ते १८५३ पर्यंत तो त्या पत्राचा बातमीदार होता. भोवतालच्या माळांवरील महापाषाणयुगीन दफनस्थळांची त्याने पाहणी केली, काही उकरली, आराखडे काढले आणि मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख प्रसिद्ध केले. दक्षिणेतील या दगडी वर्तुळांचा इतक्या पद्धतशीरपणे अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्याची गणना होते.

घरच्या आघाडीवर मात्र एकाकीपणा होता. १८३२ मध्ये त्याने मेरी पामर हिच्याशी विवाह केला होता. हैदराबादचा प्रख्यात सावकार विल्यम पामर याची ती मुलगी. तिचे आजोबा जनरल पामर पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते आणि आजी फैज बख्श ही हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातील. म्हणजे टेलरच्या मुलींच्या अंगात हिंदुस्थानी रक्तही होते. परंतु पत्नीचे निधन लवकर झाले, मुली विलायतेत वाढल्या. सुरपूरच्या त्या बंगल्यात घरचे असे माणूस उरले ते एकच, संस्थानाचा बाळराजा. तो टेलरला अप्पा म्हणत असे.

नळदुर्ग ते बुलढाणा

१८५३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. वेंकटप्पा वयात आला आणि टेलरने राज्य त्याच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील प्रदेश लिहून घेतला. या नव्या मुलखातील नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर म्हणून टेलर पंचवीस-एक वर्षांनी आपल्या जुन्या प्रदेशात परतला. बोरी नदीच्या काठचा तो बलाढ्य किल्ला, त्यातील इब्राहिम आदिलशहाच्या काळातील पाणीमहाल, जवळच तुळजाभवानी. पोरवयात ज्या पाटलांशी तो बोलला होता त्यांची मुले आता गाव सांभाळत होती. जमिनीची मोजणी, सारा ठरवणे, रस्ते, न्यायनिवाडा ही सारी कामे त्याने अंगावर घेतली. मोजणीसाठी बाहेरचे लोक न आणता त्याने स्थानिक माणसे तयार केली.

मग १८५७ उजाडले. जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतील घोडदळ बिथरले आणि बाहेरून फौज आणून ते दडपण्यात आले. जालना, हिंगोली, एलिचपूर येथील पलटणी काय करतील याची खात्री कोणाला नव्हती. वऱ्हाड पेटले तर नर्मदेपासून हैदराबादपर्यंतची वाट तुटणार होती. अशा वेळी रेसिडेंटने टेलरला बुलढाण्याला पाठवले. आणि आपल्याकडे देण्यासारखी फौज नाही, कसेही करून तग धरावा, असे बजावले. आजच्या जालना जिल्ह्याला लागून असलेला हा मुलूख. टेलर गेला तो मोजक्या माणसांनिशी. तिथे गेल्यावर त्याने देशमुख, पाटील, सावकार यांच्याशी संधान बांधले, पत्रे लिहिली, बाजार चालू ठेवले, अफवांना उत्तरे दिली. त्याचा मुलूख शांत राहिला. इतकेच नव्हे, तर उत्तरेकडे निघालेल्या जनरल व्हिटलॉकच्या फौजेसाठी बैल आणि गाड्या याच मुलखातून त्याने मिळवून दिल्या.

इंग्रज चरित्रकार या पर्वाचे मोठे कौतुक करतात. आपण ते वाचताना जरा थांबायला हवे. टेलरने रयतेचा जो विश्वास वर्षानुवर्षे कमावला होता, तो या वर्षी साम्राज्याच्या कामी आला. त्याच्या शब्दावर शेतकऱ्यांनी आपले बैल दिले. त्या बैलांनी ओढलेला सरंजाम बुंदेलखंडातील बंडवाल्यांवर चालून गेला. टेलर सज्जन होता यात शंका नाही. पण सज्जन अधिकाऱ्याच्या सज्जनपणाचा हिशेब अखेर त्याच्या मालकाच्या खात्यावर जमा होतो, हेही तितकेच खरे.

अप्पा आणि राजा

हा हिशेब सर्वांत क्रूरपणे चुकता झाला तो सुरपुरात. १८५८ च्या फेब्रुवारीत तरुण राजा वेंकटप्पा नायक बंडात उतरला. इंग्रज फौज चालून गेली, लढाईत कॅप्टन न्यूबरी मारला गेला, परंतु राजाचा निभाव लागला नाही. तो हैदराबादेस निसटला आणि तिथे पकडला गेला. सिकंदराबादेत खटला चालला.

टेलर त्याला भेटायला कोठडीत गेला. लहानपणी ज्याला मांडीवर घेतले, ज्याला लिहायला-वाचायला शिकवले, तोच आता बेड्यांत समोर होता. राजा त्याला बिलगून रडला. या भेटीमागे केवळ ममता नव्हती. राजाच्या पाठीशी आणखी कोण होते, कोणाच्या चिथावणीवरून तो उठला, ती नावे टेलरला सांगेल अशी रेसिडेंटची अपेक्षा होती. तुळजापुरापासून टेलरने जे कमावले होते, ती माणसाला बोलते करण्याची हातोटी सरकारला आता या कामासाठी हवी होती.

राजाने नावे सांगितली नाहीत. जीव वाचवण्यासाठी आपण सोबत्यांचा घात करणार नाही, असे त्याने आपल्या अप्पाला स्पष्ट सांगितले. फाशी देऊन चोरासारखे मारू नका, तोफेच्या तोंडी द्या, आपण डगमगणार नाही, एवढीच त्याची मागणी होती. हा सारा प्रसंग टेलरने स्वतः आत्मचरित्रात नोंदवला. आपल्या मायेपुढे त्या मुलाचा स्वाभिमान मोठा ठरला, ही गोष्ट त्याने झाकून ठेवली नाही. म्हणूनच १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील आपल्या १९०९ मधील ग्रंथात स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही हा प्रसंग थेट टेलरच्या लेखणीतून घेता आला. इंग्रज अधिकाऱ्याची साक्ष हिंदी बंडखोराच्या शौर्याची साक्ष ठरली.

राजाला देहान्ताची शिक्षा झाली. ती प्रथम जन्मठेपेच्या काळ्या पाण्यात आणि पुढे गव्हर्नर जनरलकडून अवघ्या चार वर्षांच्या कैदेत बदलण्यात आली. नंतर राज्य परत मिळण्याची शक्यताही उरली होती. परंतु कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेतल्या मुक्कामावर पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. त्याने स्वतःच ती झाडून घेतली, असेच टेलरसह बहुतेकांनी मानले. वयाची पंचविशीही त्याने गाठली नव्हती.

आणि मग त्या अनाथ संस्थानाचा कारभार पाहायला सरकारने पुन्हा कोणाला पाठवले? महादेव बाबालाच. जिथे त्याने एक राजा घडवला होता, तिथेच त्या राजाच्या मागे उरलेल्यांचे सांत्वन करण्याची पाळी त्याच्यावर आली. १८६० मध्ये सुरपूर निजामाला बहाल करण्यात आले. धाराशिवकडचा प्रदेश आणि रायचूर दुआबही त्याच वर्षी परत गेले. प्रकृती ढासळलेला टेलर त्या वर्षी हिंदुस्थान सोडून गेला.

लेखणीतला मुलूख

पुढची वर्षे त्याने आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ काढली आणि मनाने मात्र तो दख्खनमध्येच राहिला. १८६३ मध्ये ‘तारा’ ही कादंबरी आली. तिच्यात तुळजापूर आहे, नळदुर्ग आहे, शिवाजी महाराज आणि अफझलखान आहेत. १८६५ ची ‘राल्फ डार्नेल’ प्लासीच्या काळावर, तर १८७२ ची ‘सीता’ सत्तावन्नच्या उठावावर. १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने हिंदुस्थानचे भवितव्य ठरवणारी तीन वर्षे त्याने या तीन कादंबऱ्यांत गुंफली. ‘सीता’मध्ये एक हिंदू विधवा आणि एक इंग्रज अधिकारी यांचा विवाह तो रंगवतो. उठावानंतर दोन्ही समाजांमध्ये द्वेषाची भिंत उभी राहिलेली असताना असे लिहिणे सोपे नव्हते. विजापूरच्या वास्तूंवरील १८६६ च्या भव्य ग्रंथासाठीही त्याने लेखन केले. १८६९ मध्ये त्याला सी. एस. आय. हा किताब मिळाला. स्थानिक नेमणुकीच्या माणसाला हा मान उशिरा का होईना, लाभला.

शेवटी दृष्टी गेली. तरीही १८७५ मध्ये सर सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो हैदराबादला आला. जो मुलूख त्याने पायांनी तुडवला होता, तो आता त्याला डोळ्यांनी दिसत नव्हता. तिथे ताप जडला. परतीच्या प्रवासात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मेंतों या गावी १३ मे १८७६ रोजी त्याचे निधन झाले. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र त्याच्या मुलीने पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले.

टेलरकडे आज कोणत्या नजरेने पाहावे? त्याला देवमाणूस ठरवणे चुकीचे आणि साम्राज्याचा एक हस्तक म्हणून मोडीत काढणेही चुकीचे. पोलीस म्हणून त्याने दाखवलेला मार्ग आजही जुना झालेला नाही. लोकांची भाषा बोलावी, कचेरीतून बाहेर पडावे, दुबळ्याचे गाऱ्हाणे आधी ऐकावे, बड्यांच्या गढीत शिरायला कचरू नये. मराठवाड्यातील आजचा फौजदार याहून वेगळे काय करणार? फरक आहे तो एवढाच की, टेलरच्या अधिकाराचा उगम ज्या लोकांवर तो चालवायचा त्यांच्यात नव्हता. तो दूर कलकत्त्यात आणि लंडनमध्ये होता. त्यामुळे तो रयतेला न्याय देऊ शकला, पण रयतेच्या बाजूने उभा राहू शकला नाही. वेंकटप्पाच्या कोठडीत तो गेला तेव्हा ही मर्यादा त्याच्या ध्यानी आली असेल काय, हे त्याने लिहिलेले नाही. मात्र राजाचे उत्तर त्याने जसेच्या तसे लिहून ठेवले. पोलिसाने नोंद प्रामाणिक ठेवावी, मग ती आपल्या सरकारला अडचणीची का असेना, हा त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा आणि कदाचित सर्वांत मोलाचा धडा होय.